आप्पासोंनी खाल्लेला प्रोटॉन

आष्ट्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं आणि पहिला नंबर सांगलीला, विश्रामबागेतल्या जिल्हा प्रदर्शनात जाणार होता. नववीतल्या संयोगिताला तिथं जायचंच होतं. गेल्या वर्षी तिचा ज्वालामुखी पेटायच्या आधीच विझला होता आणि वर्गानं ती आठवण वर्षभर जपून ठेवली होती.

यंदा तिनं सोडियमचा अणू केला. म्हणजे केला आजीनं, राहीबाईंनी. परातीच्या मधोमध तेवीस लाडू : अकरा बेसनाचे, ते प्रोटॉन, बारा रव्याचे, ते न्यूट्रॉन. भोवती रांगोळीच्या तीन कक्षा, त्यांवर अकरा फुटाणे, म्हणजे इलेक्ट्रॉन.

"खरा इलेक्ट्रॉन लय हलका असतोय, आजी. लाडवापुढं फुटाणा जड होतोय."

"मग मोहरी ठिव. बघायला येणाऱ्याला चष्मा आणायला सांग."

फुटाणेच राहिले. परातीपुढं पुठ्ठ्याची पाटी : सोडियम, अणुअंक ११, अणुवस्तुमानांक २३.

उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष आप्पासो आले. सात एकर ऊस, पण डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून घरात चहासुद्धा फिका. फीत कापल्यावर समोर लाडवांची परात आली की पाहुण्यानं काय करायचं, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. त्यांनी एक पिवळा उचलला.

"आवं आप्पासो, तो प्रोटॉन हाय!"

"आसंल. तूप चांगलं हाय," म्हणत त्यांनी उरलेला अर्धाही आत ढकलला.

तेवढ्यात परीक्षक सुहासिनी मॅडम येऊन पाटी वाचत लाडू मोजू लागल्या. अध्यक्षांनी खाल्ला, असं अध्यक्षांच्या तोंडावर सांगायची पद्धत आष्ट्यात नाही. संयोगितानं परातीकडं पाहिलं. अणूचं नाव ठरतं पिवळ्यांवर, आणि पिवळे उरले होते दहा. तिनं तिसऱ्या कक्षेतला एकुलता एक फुटाणा तोंडात टाकला, पाटी उलटी केली आणि लिहिलं : निऑन, अणुअंक १०, अणुवस्तुमानांक २२.

"फुटाणा का काढलास?" मॅडमनी विचारलं.

"प्रोटॉन दहा, तर इलेक्ट्रॉनपण दहाच पाहिजेत. नाहीतर ऋण प्रभार येतो, मॅडम."

"बरं. आणि रव्याचा एक कमी झाला तर?"

ती उत्तर देणार, तोच आप्पासोंनी विज्ञानाच्या सेवेसाठी हात पुढं केला आणि पांढरा उचलला.

"आता गं?"

"आताबी निऑनच, आप्पासो. वस्तुमानांक तेवढा घटला. एकवीस."

"आन् माझा वाढला," आप्पासो हळूच म्हणाले. "आमच्या घरात बोलू नगंस."

पहिला नंबर लागला. ज्वालामुखीचा विषय वर्गानं नाइलाजानं मिटवला आणि उरलेला निऑन वाटून खाल्ला.

घरी राहीबाई परात घासत बसल्या होत्या. "मग सांगलीला किती वळू?"

"तिथंबी आप्पासो येणार हायत, आजी." संयोगितानं जरा विचार केला. "युरेनियम करूया. त्यातनं दोन प्रोटॉन, दोन न्यूट्रॉन आपले आपणच बाहेर पडत्यात. आप्पासोंनी चार खाल्ले तरी शास्त्राला धरून हुतंय."

"त्याला लाडू किती लागत्यात?"

"दोनशे अडतीस."

राहीबाईंनी परात खाली ठेवली. "त्यापरीस आप्पासोच्या बायकूला निरोप धाड. सोडियमातच भागंल."