चारच्या जागेची टाचणी

१. पास्त्याच्या नळ्या उकळत्या पाण्यात सोडाव्या. पूर्ण शिजवू नयेत.

हे मास्तरांनी स्वतःच्या हाताने लिहून घेतलं होतं, कटिंगच्या खाकी कागदावर, शिंप्याच्या चपट्या खडूने. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. एकोणचाळीस वर्षं पाटलोणी आणि कोट. स्वयंपाकघरात त्यांची कामगिरी एवढीच की वरच्या फळीवरचा डबा काढून द्यायचा आणि परत जाऊन मशीनवर बसायचं.

सांगणारी होती मेहुणी. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी सगळे तिला छोटीच म्हणत. फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला.

"भावजी, नळ्या बघताय ना?"

"बघतोय. पण शिजली की नाही, हे कळायचं कसं?"

"चावून बघायची."

"तुझ्या बहिणीला चावायला देऊ?"

"तिला कशाला! तुम्ही चावा. दात आहेत ना अजून तोंडात?"

"पुढचे आहेत. दाढांचं विचारू नकोस."

"मग पुढच्यांनी चावा. एका नळीने काही दात पडत नाहीत."

दातांच्या या चर्चेत चार मिनिटं गेली. मास्तरांनी झारा घातला तेव्हा चौदांतल्या सात नळ्या उभ्या उसवल्या होत्या, बाहीची शिवण उसवावी तशा, वरपासून खालपर्यंत.

दुसरं पाकीट नव्हतं. रविवार, किराण्याचं दुकान बंद. आणि दुकान उघडं असतं तरी ते बायकोला घरात एकटी टाकून जाणार नव्हते.

२. मऊ चीज, चिरलेला पालक, एक अंडं, मीठ, जायफळ चिमूटभर. कालवावे.

कालवताना मास्तरांच्या डोक्यात एकच आकडा होता. बेचाळीस.

गेल्या सोमवारी दवाखान्यातला काटा बेचाळीस किलो तीनशे दाखवून थांबला होता. डॉक्टरीणबाई चष्मा काढून म्हणाल्या होत्या, "बेचाळीसच्या खाली गेल्या तर मला औषध थांबवावं लागेल. शरीराला झेपणार नाही. काहीही खाऊ देत, पण खाऊ देत." उद्या पुन्हा सोमवार. आणि मधल्या सहा दिवसांत बायकोने काय खाल्लं होतं? सूप, चमच्याने, तेही निम्मं परत. अकरा दिवसांपूर्वी तिने शेवटचं काहीतरी चावलं होतं. रोज तेच, तोंड फिरवून, अगदी मऊ आवाजात, "आता नको."

आज सकाळी मात्र ती छताकडे बघत म्हणाली होती, "त्या नळ्या खाव्याशा वाटतात. छोटीकडे खाल्ल्या होत्या त्या. चीज भरलेल्या, भाजलेल्या."

मास्तर हातातला कपडा तसाच मशीनखाली टाकून उठले होते. नळ्यांचं पाकीट आणि चीज छोटीने गेल्याच आठवड्यात आणून ठेवलं होतं.

३. भरावे.

इथे मात्र मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता. छोटीने सांगितलं, पिशवीचा कोपरा कापा आणि त्यातून दाबा. त्यांनी कोपरा असा कापला की छोटी फोनमधून म्हणाली, "अरे वा, माझ्या नवऱ्याला शिकवा की!" सात धड नळ्या भरून ट्रेमध्ये ओळीने निजल्या.

"आता फाटक्या टाका, आणि लाल सॉस..."

"टाकू कशा?"

"अहो, फाटल्यात ना!"

फाटलं म्हणून टाकायला लागले असते तर मास्तरांनी आयुष्यभर शिवलं काय असतं? शिवाय सात नळ्यांनी काय होणार. तिला पुन्हा घ्यावीशी वाटली तर? फोन ठेवून ते आतल्या खोलीत गेले आणि मनगटावर टाचण्यांची गादी बांधून आले.

या गादीचं सांगायला हवं. त्यांच्या उस्तादांची शिस्त होती: बारा टाचण्या, घड्याळाच्या आकड्यांच्या जागी टोचलेल्या. काम संपलं की बाराच्या बारा आकडे भरलेले दिसले पाहिजेत. "एक जरी गिऱ्हाइकाच्या कुल्ल्यात घुसली," उस्ताद म्हणत, "तर पाटलोणही गेली आणि गिऱ्हाईकही." टाचण्या पितळी, कारण पांढऱ्या कापडावर गंज उतरायला नको.

मास्तरांनी त्या उकळून घेतल्या. इतकी अक्कल शाबूत होती. मग फाटक्या नळीत सारण भरायचं, कडेवर कड चढवायची, वर एक टाचणी. सारण बसलं की टाचणी काढायची आणि जोड खाली करून नळी निजवायची, बस. एक ते सात, सात टाचण्या, सात नळ्या. दिसायला इतकं सुबक झालं की ते दोन पावलं मागे सरून बघत राहिले.

४. पांढरा सॉस मंद आचेवर ढवळत राहावे. हात थांबवू

"अहो!"

हाक आतून आली. मास्तर धावले. तिला बाथरूमला जायचं होतं. काखेत हात घालून त्यांनी तिला उभं केलं. उभं करायला जोर लावावाच लागला नाही, आणि नेमकी त्याचीच त्यांना भीती वाटली.

"इतके जवळ आलाच आहात तर माप घ्या," ती म्हणाली. "कंबर किती झाली?"

"मला टेपशिवाय कळत नाही."

"खोटारडे. लग्नाआधी रस्त्यापलीकडून सांगितली होती."

"तेव्हा नजर चांगली होती."

"तेव्हा कंबर चांगली होती."

दाराबाहेर ते भिंतीला टेकून उभे राहिले. तिला परत आणून निजवलं, पांघरूण सारखं केलं, आणि जळका वास आला.

४. पांढरा सॉस मंद आचेवर

लागला होता. बुडाशी लागला होता, पण वरचा वाचण्यासारखा होता. उजव्या हाताने ढवळत, डाव्या हाताने टाचण्या काढत, काढली की गादीत, काढली की गादीत. बघायची गरजच नव्हती, हातांना आकडे पाठ होते. नळ्या ट्रेमध्ये. लाल सॉस. पांढरा सॉस. किसलेलं चीज. ओव्हनचं दार लावलं तेव्हा मास्तरांचा सदरा घामाने चिंब झाला होता.

७. अर्धा तास.

(पाच आणि सहा त्यांनी लिहूनच घेतले नव्हते. छोटी बोलत होती, ते कुठे ऐकत होते.)

अठ्ठाविसाव्या मिनिटाला आतल्या दाराची कडी वाजली. मास्तरांनी वळून बघितलं तर बायको चौकटीत. भिंतीला धरून, एकटी. केसांवरून फडकं बांधलेलं, पायांत त्यांच्याच चपला.

"अगं! हाक मारायचीस!"

"वासाने उठवलं," ती म्हणाली. "तुमच्या हातचा वास इतका चांगला असू शकतो, हे आधी माहीत असतं तर मी इतकी वर्षं चुलीपुढे का राबले असते?"

ती टेबलापाशी बसली. काटा हातात घेतला. अकरा दिवसांनी काटा हातात घेतला! मास्तरांना तोंडावरचा आनंद कुठे लपवावा कळेना, म्हणून त्यांनी ओव्हनमध्ये डोकं घातलं.

"आणताय का? की ट्रायल देऊन मग शिवणार?"

"आणतो, आणतो. फुंकर घालून खा."

दोन नळ्या, वर ताणले जाणारे चीजचे धागे, कडेला थोडा सॉस. त्यांनी ताटली पुढे केली, बाही मागे सरकली, आणि मनगट दिसलं.

बारा, एक, दोन, तीन. पाच, सहा, सात.

चारची जागा रिकामी.

तिने काटा खुपसला होता. घास ओठांपर्यंत आला होता. मास्तरांनी ताटली ओढली, घासही ओढला, काटा टणकन फरशीवर पडला.

"हे काय?"

त्यांनी नुसतं मनगट पुढे केलं. सदतीस वर्षं शिंप्याबरोबर संसार केलेल्या बाईला त्या घड्याळात किती वाजले ते बघितल्याबरोबर कळलं.

"नळ्यांना टाचण्या लावल्यात?"

"फाटल्या होत्या गं."

ती हसायला लागली. खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं, टेबलाची कड धरून हसली. मास्तर मात्र तोवर गुडघ्यांवर होते. ओट्याखाली, गॅसमागे, पायपुसणं झटकून, बाथरूमच्या वाटेवर. लोहचुंबक होता, दुकानातला, पण पितळ त्याला दाद देत नाही. ट्रेमध्ये बघावं तर कुठली नळी धड आणि कुठली सांधलेली, ते चीजच्या सायीखाली कोणाला सांगता येणार?

त्यांनी छोटीला फोन लावला.

"फेकून द्या भावजी! आधी फेका!"

"आणि तिला काय देऊ?"





"मला नाही माहीत, भावजी," ती म्हणाली.

८.

तेव्हा मास्तरांनी हात धुतले आणि बसले. एक नळी ताटलीत घ्यायची, बोटांनी मोडायची, चिमटीत चुरून चुरून बघायची. भाजत होतं. शिंप्याची बोटं, सुईचं टोक अंधारात ओळखणारी, पण पालकाचा देठसुद्धा आता टाचणी वाटत होता. पहिली नळी. दुसरी. तिसरी. ज्या नळ्या मघाशी कापून शिवल्यासारख्या दिसत होत्या, त्यांचा ताटलीत लगदा झाला होता, हिरवट, पांढरा, लाल.

"द्या ना," ती म्हणाली.

"थांब. एकदा परत बघतो."

"भूक जाईल हो."

हे ती रागाने म्हणाली नाही. बस निघून जाईल, असं सांगावं तसं म्हणाली. मास्तरांनी घाईने चमचा भरला, अंगठ्याने एकदा दाबून बघितला आणि पुढे केला. तिने तोंड उघडलं. तो घास ती हळूहळू खात होती आणि मास्तर तिच्या जबड्याकडे बघत होते, जणू घास त्यांच्याच घशात आहे. गिळला. दुसरा चमचा. गिळला. तिसरा भरून त्यांनी दाबला, उलटा केला, पुन्हा दाबला, आणि वर बघितलं तर तिचं तोंड मिटलेलं.

"आता नको."

"एवढा एकच. बघितलाय मी. दोनदा बघितलाय."

"तुम्ही खा."

"मला नको."

"खा म्हणते ना. मला बघायचंय कोणालातरी खाताना."

मग मास्तरांनी तिसरा चमचा स्वतःच्या तोंडात घातला. जिभेने चाचपून, पुढच्या दातांनी, भीत भीत. टाचणी नव्हती. चवही कळली नाही.

"कसं झालंय?"

"मीठ कमी आहे," ते म्हणाले, काहीतरी म्हणायचं म्हणून.

"मला वाटलंच. कोणी वर टाकलं असतं तर मी आणखी..." ती वाक्य पुरं न करता थांबली.

मास्तर ताडकन उठले. बरणी उघडली, चिमूट घेतली, वळले. तेवढ्यात तिने टेबलावर हात ठेवून त्यांवर डोकं टेकलं होतं. डोळे उघडे होते. झोपली नव्हती.

"आणलं," ते म्हणाले.

"ठेवा तिथेच. बघू."

ट्रेमध्ये अकरा नळ्या अजून मोडायच्या होत्या. मास्तर तिच्यासमोर बसले. मीठ कशावर टाकायचं ते त्यांना कळेना, आणि सोडवतही नव्हतं, म्हणून चिमूट तशीच धरून ते बसून राहिले.