ऊर्जा, पंधरा मिनिटं

मी तशी भित्री बाई नाही. मागच्या पावसाळ्यात न्हाणीघरात साप निघाला तेव्हा आमचे हे पलंगावर उभे होते आणि काठी माझ्या हातात होती. पण माझ्या मुलीच्या, प्राजक्ताच्या, डाव्या हाताचा अंगठा जरासा हलला तरी माझे हातपाय गार पडतात. तिची मिरगी त्या अंगठ्यापासून सुरू व्हायची. आधी अंगठा, मग मनगट, मग सगळी पोर.

पहिला झटका नवव्या वर्षी आला, शेवटचा सतराव्या. आता ती चोवीस वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते आणि रोज एक गोळी घेते. मधल्या सात वर्षांत काही झालेलं नाही. डॉक्टर जळगावचे आणि गोळ्या खंडव्याच्या, कारण बऱ्हाणपुरात मेडिकलवाल्याला कळलं की दुसऱ्या दिवशी शनवारा चौकातल्या चहावाल्याला कळतं. गोळ्यांची पाकिटं मी फाडून टाकते आणि गोळ्या कॅल्शियमच्या डबीत भरते. माझ्या सख्ख्या बहिणीला हे माहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असं सगळेच म्हणतात, आणि मुलीच्या लग्नाच्या बाबतीत सगळे ते पाळतातही.

प्राजक्ताची सुपारी फुटून दोन महिने झाले होते. मुलगा नेपानगरचा, सागर. मोबाइल, लॅपटॉप दुरुस्तीचं त्याचं दुकान आहे. वडील नाहीत, आई रजनीताई अंगणवाड्यांच्या सुपरवायझर. बाई तोंडानं फटकळ, पण मनात काही ठेवणारी नाही. त्या रविवारी मायलेक लग्नाची तारीख ठरवायला आमच्याकडे जेवायला आले होते. शेवभाजी झाली, गोडाला दराबा झाला, आणि पानं उचलल्यावर सागरनं पिशवीतून एक डबा काढला.

"मम्मीजी, ये देखो. ध्यान करायची मशीन आहे. आपल्याला काहीच करायचं नाही, बस डोळे मिटून पडायचं."

"काहीच न करायचं ध्यान आमच्या यांना फार आवडेल," मी म्हणाले.

डब्यात ट्रान्झिस्टरएवढी एक पेटी होती. तिला दोन वायरी. एकीला कानावर लावायचे हेडफोन, दुसरीला काळाकुट्ट चष्मा. चष्म्याच्या आतल्या बाजूला बारीक दिवे होते. ते एका लयीत उघडझाप करतात, मिटल्या पापण्यांवर उजेड पडतो, कानात संगीत चालू असतं, आणि माणसाचं डोकं हळूहळू त्या लयीला लागतं, असं सागरनं सांगितलं. बाहेरच्या माणसाला यातलं काही दिसत नाही, सगळं चष्म्याच्या आत.

दिवे असा शब्द आला तेव्हाच माझं लक्ष गप्पांवरून उडालं. जळगावच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, लुकलुकणाऱ्या दिव्यांपासून पोरीला लांब ठेवा. म्हणून पंधरा वर्षं ती कुठल्या वरातीत डीजेच्या गाडीपुढे नाचली नाही. गरब्यालाही मी तिला मंडपाच्या कडेला बसवायचे आणि लोकांना सांगायचे, पोरगी लाजाळू आहे.

पहिला नंबर आमच्या यांनी लावला. सागरनं पेटीवरचं बटण दाबत एकेक सेशन वाचून दाखवलं: झोप, आराम, ध्यान, एकाग्रता, ऊर्जा. झोपेत दिवे अगदी सावकाश, देवापुढची वात हलते तसे. पुढे पुढे वेग वाढत जातो. संगीतात बासरी होती, तानपुरा होता, नदीचं पाणी होतं, तबला होता, आणि यातलं काही नको असेल तर आपल्या मोबाइलवरचं गाणं जोडायची सोय होती. यांनी झोप आणि नदीचं पाणी घेतलं. चौथ्या मिनिटाला घोरायला लागले.

"भाऊंले मशीन कायले पाहिजे, त्यांले नुसती खुर्ची पुरते," रजनीताई म्हणाल्या आणि सगळे हसले. मीही हसले. पण सागर म्हणाला होता, सगळ्यांनी एकदा ट्राय करायचं.

मग रजनीताई बसल्या. "मले झोपवू नको रे बाबा. काही तेज लाव."

"मग ऊर्जा. यात लाईट सेकंदाला अठरा वेळा झपकते. संगीत तबला लावू?"

"लाव. पंधरा मिनिटं लाव."

अठरा वेळा. मी डब्यातला माहितीचा कागद उचलला. इंग्रजी मला अडखळत येतं, पण त्या आजाराचं इंग्रजी नाव मी जळगावच्या फाइलवर इतक्या वेळा पाहिलंय की अंधारातही ओळखेन. कागदाच्या तळाशी, चौकटीत, तेच नाव होतं. हा आजार असलेल्यांनी किंवा कधी होऊन गेलेल्यांनी हे यंत्र वापरू नये, झटका येऊ शकतो. मी कागदाची घडी केली आणि सोफ्याच्या गादीखाली सारली. का? दुसऱ्या कुणी वाचू नये म्हणून. पोरीचा जीव वाचवणारी ओळ मी स्वतःच्या हातानं लपवली, आणि त्या क्षणी मला ते शहाणपणाचं वाटलं.

रजनीताईंनी चष्मा काढला तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. "डोक्यातली सगळी जळमटं निघाली. आता सुनेले बसव. माझंच लाव, ऊर्जा."

"तिचं सकाळपासून डोकं दुखतंय," मी म्हणाले.

"मंग तर जरूर लाव."

"चहा ठेवायचाय. प्राजू, ये गं आत."

"चहा मी ठेवते, इहीनबाई. पोरीले बसू द्या." मग त्या माझ्याकडे बघून हसल्या. "काय हो, पोरीच्या डोळ्यात काही दोषबिष तर नाही? तुम्ही सारख्या आडव्या येऊन राहिल्या म्हणून विचारलं."

त्यांनी गंमत केली होती. मला ते ठाऊक होतं. पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस. माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "छे, दोष कसला." यांच्याकडे बघितलं तर ते खुर्चीत डोळे चोळत होते आणि काय चाललंय त्याचा त्यांना पत्ता नव्हता. सागर म्हणाला, "ठीक आहे आई, ऊर्जाच लावतो."

मी पाणी आणते म्हणून स्वयंपाकघरात गेले. झटका आला की कांदा फोडून नाकाशी धरायचा, ही आमच्याकडची रीत. त्यानं काही होत नाही, रुग्णाला कुशीवर वळवा आणि वाट बघा, असं डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलंय. तरी माझा हात टोपलीत गेला. बुक्की मारून कांदा फोडला, पदरात धरला आणि बाहेर आले. पाणी आणायचं विसरले.

प्राजक्ता दिवाणावर बसली होती, चष्मा अजून हातात होता. तिनं माझ्याकडे बघितलं. जरा वेळ बघतच राहिली. मला वाटलं, ही माझी परवानगी मागतेय. मला वाटलं, मी नाही म्हणावं म्हणून ही थांबलीय. मी काहीच म्हणाले नाही. ती जराशी हसली, चष्मा चढवला आणि आडवी झाली. सागरनं तिच्या मोबाइलची वायर पेटीला जोडली. पेटीच्या काचेवर पंधराचा आकडा आला.

त्यापुढची मिनिटं मला एकेक करून आठवतात. चौदाला मी तिच्या डाव्या हाताजवळची खुर्ची धरून बसले. तेराला रजनीताईंनी पर्समधून पंचांगाचं कात्रण काढलं. "वैशाखात अखतीनंतरचे, अक्षयतृतीयेनंतरचे, तीन मुहूर्त आहेत. बावीस तारीख मले बरी वाटते." मी मान डोलावली. बारा झाले. मनात म्हणत होते, आत्ता बोलते. ही तारीख ठरू दे, मग बोलते. आणि गोळ्या चालू आहेतच की. सात वर्षं काही झालं नाही, तर आज पंधरा मिनिटांत काय होणार आहे? आणि झालंच तर घरातच आहे, मी जवळ आहे, कांदा आहे. अकरा. रजनीताई कार्यालयाबद्दल विचारत होत्या, मी लालबागेतल्या कार्यालयाचं नाव सांगितलं, जेवणावळीचं सांगितलं, आणि माझी नजर त्या अंगठ्यावरून हलली नाही.

"कांदा चिरत होत्या काय?" रजनीताईंनी नाक मुरडलं. "वास येऊन राहिला."

"रात्रीच्या भाजीचा," मी म्हणाले.

दहा. नऊ. मी देवाला म्हटलं, एवढी एक वेळ निभावून ने. देवानं काय निभावून न्यायचं होतं? उठून वायर ओढायला मला दोन पावलं चालावी लागली असती.

आठ झाले आणि अंगठा हलला.

आधी एकदा. मग थांबून दोनदा. मग सारखा, टक टक, चादरीवर. खुर्ची मागे पडल्याचं मला नंतर कळलं. मी वायर उपटली, चष्मा तिच्या डोळ्यांवरून ओरबाडला आणि ओरडले, "बंद कर ते. पोरीला मिरगी आहे. बंद कर."

कांदा पदरातून निसटून फरशीवर गडगडत गेला. प्राजक्ता ताडकन उठून बसली. चांगली शुद्धीत. भांबावलेली, बस.

"मम्मी, मी गाण्याचा ताल धरला होता," ती म्हणाली.

सागरनं माझ्या हातातला चष्मा हळूच काढून घेतला. वायर परत जोडली, पेटी चालू केली आणि चष्म्याची आतली बाजू माझ्यासमोर धरली. दिवे बंद होते. एकही दिवा लागलेला नव्हता.

"यात फक्त संगीताचंही सेटिंग आहे, मम्मीजी. लाईट मी लावलीच नव्हती. प्राजूनं मला होळीलाच सगळं सांगितलंय. आज दोघं मिळून तुम्हाला आणि आईला सांगणार होतो, चहा झाल्यावर."

आमचे हे उभे राहिले आणि परत बसले. रजनीताईंनी पंचांगाच्या कात्रणाची घडी केली, आणखी एक घडी केली आणि पर्समध्ये टाकलं.

"होळीले तुले समजलं, अन् मले आज," त्या सागरला म्हणाल्या.

"आई, मला लग्न हिच्याशीच करायचंय."

"ते तुझं झालं. मले घरी जाऊ दे." मग माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "इहीनबाई, अंगणवाडीत मी अशी चार लेकरं सांभाळली. मी पळून गेली नसती. पण आत्ता विचारलं तर तुम्ही छे म्हटलं माझ्या तोंडावर."

त्या चपला घालायला गेल्या. दारात त्यांनी प्राजक्ताच्या गालाला हात लावला, तारखेबद्दल मात्र शब्द काढला नाही. सागर म्हणाला, रात्री फोन करतो. हे त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले आणि घरात आम्ही दोघीच राहिलो.

मी रडत होते. लग्न मोडलं, माझ्या तोंडानं मोडलं, मूठ उघडली, असं काहीबाही बोलत होते. प्राजक्तानं मला पाणी दिलं. मग ती वाकली आणि टीपॉयखालचा कांदा उचलला.

"सागर नाही सोडणार, मम्मी. त्याची आईपण मानेल. ते सोड." ती माझ्यासमोर बसली. "मी चष्मा घातला ना, तेव्हा वाटलं होतं तू आता थांबवशील. तू काही बोलली नाहीस. मग म्हटलं, हिला कळलंच नसेल. डीजेची लाईट डोळ्यांना दिसते, ही चष्म्याच्या आतली, समझी नहीं होगी. म्हणून मी आरामात गाणं ऐकत पडले."

मी डोळे पुसले.

"हा कांदा तू केव्हा आणलास?"

खोटं बोलता आलं असतं. अंगठा हलल्यावर धावत जाऊन आणला, असं म्हणता आलं असतं, तिचे डोळे मिटलेले होते. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"रजनीताई ऊर्जा लाव म्हणाल्या तेव्हा."

"तेव्हा चष्मा माझ्या हातात होता."

"हो."

"म्हणजे तुला सगळं कळत होतं. लाईटनं मला काय होतं ते. अन् लाईट लागणार आहे असंच तुला वाटत होतं."

"हो."

रागावली असती तर मला उत्तर सुचलं असतं, रागाला माझ्याकडे नेहमी उत्तर असतं. पण ती रागावली नव्हती. गणित तपासावं तसं एकेक पायरी बघत होती.

"सात मिनिटं, मम्मी," ती म्हणाली. "मी तडफडेन याची तू सात मिनिटं वाट बघत बसलीस."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं तो काढून घेतला नाही, पण तो माझ्या हातात नुसता पडून होता.