साक्षीची खुर्ची आणि गोठ्याचे फाटक

मित्रांनो, माझ्यावर कुणी कधी आरामात बसत नाही. टेकायला मला चांगली पाठ आहे, कोपर ठेवायला रुंद हात आहेत, बैठकही खोलगट आहे. तरी येणारा माणूस टोकाशीच बसतो, जणू कुणी उठवेल म्हणून. कॅलिफोर्नियातल्या एका लहानशा गावच्या कोर्टात, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात, मी कितीतरी वर्षे उभी आहे.

माझा जन्म याच खोऱ्यातला. नदीकाठच्या बागेतले एक म्हातारे अक्रोडाचे झाड वादळात आडवे झाले आणि रासमुसेन नावाच्या सुताराने त्यातून मला घडवले. पिंजऱ्यात जागा कमी आहे, तेव्हा खुर्चीचे हात अरुंद कर, असे कारकुनाने त्याला बजावले होते. रासमुसेन म्हणाला, "जागा कमी असेल तर कठडा सरकवा. खरं बोलताना माणसाला काहीतरी धरायला लागतं." म्हातारा हट्टाला पेटला म्हणून माझे हात रुंद राहिले. आज त्यांच्या टोकांवरचे पॉलिश पार उडाले आहे. माणसे मी चेहऱ्यांपेक्षा हातांवरून जास्त ओळखते.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. शाळेची मुले कोर्ट बघायला येत आणि मला हात लावून पाहत. मग माझी कुरकुर वाढली, आणि वरच्यांनी चाकांची, गरगर फिरणारी नवी खुर्ची आणली. मला अडगळीत, मोडक्या पंख्याशेजारी टाकले. पण झाले काय, एक घाबरलेला साक्षीदार वकिलाच्या पहिल्याच प्रश्नाला मागे सरकला, चाके घरंगळली आणि तो धाडकन भिंतीवर आपटला. सगळे कोर्ट हसले. दुसऱ्या दिवशी ऑर्विल नावाचा कोर्टातला शिपाई मला घेऊन आला. माझ्या एका पायाखाली त्याने नमद्याचा, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचा, तुकडा चिकटवला आणि म्हणाला, "चल, बाई. तू कुरकुरतेस, पण पळून जात नाहीस."

आता मुख्य गोष्ट. आमच्या कोर्टात एक रीत आहे. एखादी गोष्ट ज्युरीच्या, म्हणजे निकाल द्यायला गावातून निवडलेल्या माणसांच्या, कानावर जावी की नाही असा प्रश्न आला, की ज्युरीतल्या माणसांना आतल्या खोलीत पाठवतात. साक्षीदार त्यांच्या रिकाम्या जागांसमोर बोलतो, न्यायाधीश ऐकतात आणि ठरवतात. कधी ती गोष्ट ज्युरीपुढे जाते, कधी तिथल्या तिथे विरते. विरलेल्या गोष्टी माझ्या लाकडात खूप मुरल्या आहेत.

फार पूर्वी, एका बाईला मारहाण केल्याच्या खटल्यात, हिरव्या कोटातली दुसरीच एक बाई आली होती. आरोपीने तिलाही पूर्वी असेच मारले होते. पण तो खटला तिचा नव्हता. माणसावर जो आरोप ठेवला त्याचाच हिशोब करायचा, त्याचा सगळा जन्म उकरायचा नाही, असा तेव्हा नियम होता. तिला उठवले. तिच्या तळव्यांचा घाम माझ्या हातांवर वाळायच्या आत तो माणूस उजळ माथ्याने घरी गेला. मला फार राग आला होता.

पण नियम अगदीच आंधळा नव्हता, हेही सांगायला हवे. एकदा बागेत काम करणाऱ्या एका पोराच्या जुन्या चोरीबद्दल दिवसभर बोलले गेले, आणि आत्ताची चोरी त्याने केली का, हे कुणी धड पाहिलेच नाही. खरा चोर पुढे सापडला, तोवर पोराचे वाटोळे झाले होते. जुने पाप दाखवले की माणसे नव्याचा पुरावा मागायला विसरतात. म्हणून पुढे घरातल्या मारहाणीसाठी कायदा बदलला आणि जुन्या गोष्टी सांगायला वाट झाली, तेव्हाही तोलून मापून निर्णय घ्यायचे काम न्यायाधीशांकडेच राहिले.

एका वर्षी आमच्याकडे देलियो बोर्बाचा खटला उभा राहिला. आमच्या खोऱ्यात दूरच्या बेटांवरून आलेली पोर्तुगीज माणसे पिढ्यान्‌पिढ्या गाई पाळतात. त्यांच्या मोठ्या सणाला समाजाच्या हॉलमध्ये गावजेवण असते, आणि पावावर ओतायचा पुदिन्याच्या वासाचा रस्सा देलियोच शिजवी. ज्युरी निवडताना न्यायाधीश टिलटसनबाईंनी विचारले, "आरोपीच्या हातचं कोण कोण जेवलंय?" निम्म्या कोर्टाने हात वर केले. ऑर्विलचाही हात अर्धा वर गेला होता. मग त्याने त्याच हाताने कान खाजवला. अशा माणसाविरुद्ध बोलायचे म्हणजे गावाच्या लेखी खाल्ल्या मिठाला न जागणे.

बोलायला आली त्याची बायको, नतेर्सिया. तिने आपला डावा हात माझ्या हातावर ठेवला, आणि मला जाणवले की त्यातली दोन बोटे लाकडाला टेकतच नाहीत. तिला गाडी चालवायला शिकायचे होते. देलियो हसून म्हणाला होता, "जा की. फाटक मी लावतो." मग गोठ्याच्या लोखंडी फाटकाच्या बिजागरीत तिचा हात धरून त्याने फाटक लावले. देलियोचे म्हणणे, वारा होता, फाटक आपोआप लागले, अपघात झाला.

देलियोची आधी एक बायको होती, फिलोमेना. तिच्याबद्दल बोलायचे नाही, असे टिलटसनबाईंनी बजावले होते, कारण फिलोमेना स्वतः यायला तयार नव्हती. आरोपीचे वकील हॅल्डेन यांनी नतेर्सियाला विचारले, "इतकं लागलं होतं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे का नाही गेलात?"

नतेर्सियाच्या तोंडून निघून गेले, "फिलोमेना गेली होती डॉक्टरकडे. तिला काय मिळालं?"

टिलटसनबाईंनी हात वर केला. ज्युरीने जे ऐकायचे नव्हते ते ऐकले होते, आणि ऐकलेले काही पुसता येत नाही. त्यांनी ज्युरीला घरी पाठवले. खटला तिथेच मोडला. आता सगळे पहिल्यापासून.

नतेर्सिया माझ्यावर बसूनच राहिली. "मी खोटं बोलले का?"

"नाही," टिलटसनबाई म्हणाल्या. "पण ते सांगायची अजून परवानगी नव्हती."

तिला ते कळले नाही. खरे सांगू, मित्रांनो, मी तिथेच जन्म काढला, पण त्या दिवशी मलाही ते कळून घ्यायचे नव्हते.

नव्या खटल्याला फिलोमेना आली. समुद्रकाठच्या गावात ती चीज बनवायच्या कामावर होती. ज्युरीला आतल्या खोलीत पाठवले होते, नतेर्सियाला बाहेर बाकावर बसवले होते. एका साक्षीदाराने दुसऱ्याचे ऐकायचे नाही, हीही आमच्याकडची रीत. फिलोमेना खाली बसली, आणि मी दचकले. तिच्याही डाव्या हाताची तीच दोन बोटे लाकडाला टेकत नव्हती.

"पूर्वी नाही म्हणालात, मग आता का आलात?" टिलटसनबाईंनी विचारले.

"माझं नाव घेतलं म्हणून तिचा खटला मोडला, असं कळलं. तर आता माझं नाव मीच घेते."

तिने सांगितले. तिला बहिणीकडे राहायला जायचे होते. "तो म्हणाला, जा की. फाटक मी लावतो."

हॅल्डेन उठले. "हे वाक्य तुम्हाला कुणी शिकवलं?"

"त्यानंच."

"तुम्ही आणि नतेर्सिया यांनी मिळून हे ठरवलंय."

"मी तिला आजवर पाहिलेलंसुद्धा नाही. बाहेर बाकावर दोघीजणी आहेत. त्यातली ती कोण, तेही मला माहीत नाही."

हॅल्डेन न्यायाधीशांकडे वळले. "आज खटला एका हाताचा आहे. हिच्या हाताबद्दल कुणी कधी आरोप ठेवला नाही. मग तो हात आज मागच्या दारानं आत का आणायचा? ज्युरी माझ्या अशिलाला शिक्षा करेल ती तो वाईट माणूस आहे म्हणून." त्यांचे बोलणे मला आवडले नाही, पण ते खोटेही नव्हते. मला बागेतला तो पोर आठवला.

टिलटसनबाईंनी समोरचे कागद पुन्हा चाळले. सरकारी वकील क्वीरिंगबाई पेन चावत होत्या. फिलोमेनाचे हात माझ्या हातांवर घट्ट होते, आणि मला वाटले, हिलाही आता उठवणार. ज्या रागाने मी त्या हिरव्या कोटासाठी जळले होते तोच राग पुन्हा वर आला. मला बोलता आले असते तर मी बोलले असते.

"आरोपी म्हणतो, फाटक वाऱ्यानं लागलं," अखेर टिलटसनबाई म्हणाल्या. "एकाच गोठ्यात, एकाच घरच्या दोन बायकांच्या हातावर वारा असा कसा लागतो, याचा विचार ज्युरीला करू द्या. ज्युरीला परत बोलवा."

ज्युरी येऊन बसली आणि फिलोमेनाची नजर समोर गेली. समोर देलियो होता. हॉलमध्ये रस्सा वाढताना हसायचा तसाच हसत होता. त्याच्यामागे हॉलमधल्या बायका बसल्या होत्या. सणाचा गोड पाव मळायला फिलोमेना त्यांच्याच शेजारी उभी राहायची, आणि हाताला काय झाले असे त्यांनीच तिला विचारले होते. तिने माझे हात सोडले. एक क्षण वाटले, उठून जाते. मग तिने मला पुन्हा धरले, दोन्ही हातांनी, आणि बोलायला लागली. ज्युरीतली एक बाई तिच्या बोटांकडे पाहत होती, मग तिने मान वळवून गोठ्याच्या फाटकाच्या फोटोकडे पाहिले.

हॅल्डेन म्हणाले, "तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की फाटक वाऱ्यानं लागलं. मग तेव्हा खोटं बोललात, की आता?"

"तेव्हा," फिलोमेना म्हणाली. "तेव्हा मला रात्री त्याच घरी परत जायचं होतं."

समोरच्या बायकांमधल्या एकीने मान खाली घातली.

टिलटसनबाईंनी ज्युरीला समजावले, की या बाईचे ऐकून आरोपीची सवय कशी होती ते तुम्ही लक्षात घेऊ शकता. पण तेवढ्यावर त्याला दोषी ठरवू नका. नतेर्सियाच्या हाताचे काय झाले ते वेगळे, पक्के सिद्ध व्हायलाच हवे. हे त्यांनी सावकाश सांगितले, आणि ज्युरीने ते ऐकले. मला ते पटले. फिलोमेनाला न्याय देण्यासाठी बागेतल्या पोरावर पुन्हा अन्याय व्हावा, असे मला नको होते.

ज्युरीने खूप वेळ घेतला. देलियो दोषी ठरला, नतेर्सियाच्या हातासाठी. फिलोमेनाच्या हातासाठी निकाल नव्हता, कारण त्याचा खटला कधी भरलाच गेला नव्हता.

दुपारी कोर्ट रिकामे झाले. ऑर्विल किल्ल्या वाजवत फिरत होता. फिलोमेना विसरलेला रुमाल घ्यायला आत आली, आणि तिच्यामागून नतेर्सिया.

"शिपाईसाहेब," नतेर्सिया म्हणाली, "ह्या आत काय बोलल्या ते मी ऐकलंच नाही. मला बाहेर बसवलं होतं."

"कोर्ट उठलंय, बाई." ऑर्विलने दोघींकडे पाहिले, मग किल्ल्या खिशात टाकल्या. "पण माझं झाडायचं राहिलंय. आधी व्हरांडा झाडतो."

व्हरांडा त्याने सकाळीच झाडला होता.

फिलोमेना येऊन माझ्यावर बसली. शपथ नाही, वकील नाही. नतेर्सियाने शेजारी उभी राहून आपला डावा हात माझ्या हातावर, फिलोमेनाच्या हाताशेजारी ठेवला.

मित्रांनो, खुर्च्या आपण होऊन काही करत नाहीत. पण तुम्हाला करता येते. तुमच्याकडे कुणी उशिरा काही सांगायला आले, तर आधी 'इतके दिवस कुठे होतीस' असे विचारू नका. आधी बसायला द्या. सगळे ऐका, खरे-खोटे नीट तोला, कुणावर उगाच आळ येऊ देऊ नका. पण ऐकायच्या आधीच दार लावू नका. आणि माझ्यासारखी जुनी खुर्ची कुरकुरली, तर पायाखाली नमद्याचा एक तुकडा लावा. अजून पुष्कळ जणांना बसायचे आहे.

त्या दुपारी फिलोमेना बराच वेळ बोलली. आणि बोलता बोलता, माझ्या सगळ्या जन्मात पहिल्यांदाच, माझ्यावर कुणीतरी मागे टेकून बसले.