वेणूचं लुगडं

अक्तीच्या दिवशी मी गोल बाजारातून मातीचे पुतरा-पुतरी विकत आणले, आणि त्याच दुपारी मला कळलं की कागदी बाहुल्यांचे सगळे कपडे घरातून गेले आहेत.

अक्ती म्हणजे अक्षय्य तृतीया. इथं छत्तीसगडात त्या दिवशी पोरी मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात. त्या जोडीला पुतरा-पुतरी म्हणतात. आमच्या घरात हा सण नाही. पण माझी बायको कुमुद दर वर्षी एक जोडी आणायची, लग्नासाठी नाही, कपाटात ठेवायला. ती बाहुल्या जमवायची. या थंडीत ती वारली. यंदाची जोडी आणायला कोणी नव्हतं, म्हणून मी गेलो.

मी रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत फिटर होतो. मला बाहुल्यांतलं काही कळत नव्हतं. तिच्याजवळ बसून बसून थोडं कळायला लागलं. तिच्याकडे तिच्या आजीची लाकडी ठकी होती, नाक झिजून सपाट झालेली. एक विलायती बाहुली होती, आडवी केली की डोळे मिटणारी. ती एका साहेबाच्या बंगल्यातल्या भंगारात सापडली होती. तिचा एक डोळा अर्धाच मिटतो. मी एकदा म्हटलं, तार सरळ करून देतो, गालाला रंगही मारतो. कुमुद म्हणाली, "हात नोका लावू. नवी केली तर हिले ओळखन कोण?"

सुट्टीच्या दिवशी ती सगळ्यांना पलंगावर मांडायची आणि मऊ फडक्यानं एकेकीचा चेहरा पुसायची. पुसताना त्यांच्याशी बोलायची, चहा थंड होऊन जायचा. ती अशी बसली की मला घर भरलेलं वाटायचं.

सगळ्यांत लाडक्या होत्या कागदी बाहुल्या. त्या तिच्या आईनं केलेल्या. आई गोंदियाला बिड्या वळायची. चपलेच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर बाहुली काढायची आणि तेंदूपत्ता कापायच्या कात्रीनं कापायची. कपडेही कागदाचे. बिडीच्या कट्ट्याचा गुलाबी कागद, उदबत्तीच्या पुड्याची सोनेरी पट्टी, जुन्या लग्नपत्रिका. प्रत्येक कपड्याला खांद्यावर दुमडायला दोन बारीक कान. सगळ्यांत मोठ्या बाहुलीचं नाव वेणू. तिचं लुगडं गुलाबी, सोनेरी काठाचं.

तर त्या दुपारी नवी जोडी ठेवायला मी कपाट उघडलं आणि सहज बिस्किटाचा डबा काढला. डब्यात नुसत्या बाहुल्या होत्या, पुठ्ठ्यावरच रंगवलेल्या परकर-पोलक्यात. कपडा एकीच्याही अंगावर नव्हता.

मग आठवलं. डब्याला आतून गंज धरतो आणि कागदाला डाग पडतात. म्हणून पावसाळ्यात कुमुद ते कपडे आपल्या रोजच्या सुती साड्यांच्या घड्यांत ठेवायची, कडुलिंबाचा सुका पाला टाकून. खळ दिलेल्या इस्त्रीच्या साड्या, त्यात कागद सपाट राहतो. दिवाळीला परत काढायची. यंदा दिवाळीला ती दवाखान्यात होती.

माझी मोठी बहीण अंजनाबाई तेव्हापासून माझ्याजवळ राहते. ती स्वयंपाकघरात होती.

"बाई, कुमुदच्या सुती साड्या कुठं आहेत?"

"त्या? भांडेवालीले देल्या ना. तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. गेलेल्या माणसाचं नेसतं घरात ठेवा नाही. त्याचाच तर हा गंज आला." गंज म्हणजे पातेलं. तिनं दुधाचं नवं पातेलं दाखवलं. "रोज याच्यातलाच चहा पेऊन राहिला तू."

"देताना झटकल्या होत्या?"

"काहून? झुरळं होते काय त्यात?"

मी सांगितलं. ती खाली बसली. मग चिडली.

"मले कोणं सांगतलं? तुही बायको साडीत कागद ठेवते, हे मले सपनात येते काय? तिजोरी होती काय ते?"

जरा वेळानं ती म्हणाली, "भांडेवाली येईन आता. मी देल्या, मीच पुसतो."

तिनं खरंच विचारलं. भांडेवाली पाटी उतरवून म्हणाली, "दीदी, वो गठरी तो पूरी सुकवारो ले गई. भनपुरी में. कथरी सिलती है ट्रकवालों के लिए."

कथरी म्हणजे आपली गोधडी. मी दुसऱ्या दिवशी निघालो तर अंजनाबाई चपला घालून दारात उभी. "तू जाशीन आन रिकामा येशीन. तुले मागता येते काय?"

भनपुरीत ट्रकांच्या रांगांमागं सुकवारोचं घर सापडलं. बाहेर दोरीवर कथऱ्या वाळत होत्या. एकीवर कुमुदची हिरव्या चौकड्यांची साडी होती, उभ्या टाक्यांनी शिवलेली. अंजनाबाईनं ती पाहिली आणि तोंड फिरवलं.

सुकवारो चाळिशीची, तोंडात सुई धरून बाहेर आली. मी विचारलं, साड्यांतून कागद निघाले होते का?

"हव, निकले रिहिस," ती लगेच म्हणाली. "नान-नान लुगरा, कागज के. मोर से फेंके नइ गिस." छोटी छोटी लुगडी, तिच्यानं फेकवली नाहीत. मला वाटलं, मिळालं.

तिनं आत नेलं. भिंतीत एक लांब फळी होती आणि फळीवर पुतरा-पुतरींच्या जोड्या, दर वर्षीच्या. काहींचा रंग उडालेला, एकीचा हात तुटलेला. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पोरींसाठी दर अक्तीला तीच बाहुल्या बनवते. "सब लोग बाद में तालाब में ठंडा कर देते हैं," ती म्हणाली, म्हणजे शिरवतात. "मेरे से नहीं होता, बाबूजी." कुमुद इथं आली असती तर उठली नसती.

फळीच्या कडेला यंदाची जोडी होती, बाशिंग बांधलेली. पुतरीच्या अंगावर वेणूचं लुगडं होतं. मैद्याच्या खळीनं मातीवर चिकटवलेलं. कान आत दाबून टाकलेले, सोनेरी काठ पोटावर वळवलेला. बाकीच्या कपड्यांपैकीही बरेच वऱ्हाडी बाहुल्यांना लावलेले.

"अवो बाई, ते आमचं हाय," अंजनाबाई म्हणाली आणि हात पुढं केला.

सुकवारोनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. "बिहाव हो गे हे," ती हळू म्हणाली, लग्न लागून गेलं. मग म्हणाली, "पानी मार के निकाल दूँ?"

बिडीचा कागद ओला झाला की रंग सोडतो आणि हाताला लागतो, हे मला ठाऊक होतं. मला राग आला होता. ती पुतरी उचलून खिशात घालावी असंही मनात आलं. मी नको म्हटलं, पण मन मोठं झालं म्हणून नाही. निघालं असतं तर मी काढून घेतलं असतं.

"किसने काटा था?" सुकवारोनं विचारलं.

"माझ्या सासूनं. बायकोनं सांभाळलं."

तिनं न वापरलेले कपडे एका पिशवीत घालून दिले. एक शाळेचा फ्रॉक, दोन परकर, एक कोट. अंजनाबाईनं पिशवी पोटाशी धरली आणि घरापर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

घरी आल्यावर मी कपडे बाहुल्यांना घालून पाहिले. धाकट्यांचं भागलं. वेणूला त्यातलं काहीच येत नाही, ती उंच आहे.

अंजनाबाईनं कुठून तरी गुलाबी पतंगाचा कागद आणला आणि सासूची ती तेंदूपत्त्याची कात्री त्याच्यावर ठेवली. "काप ना. एवढे वॅगनीचे पत्रे कापले, हे नाही कापता येत काय?"

कापता येतं. मापही पाठ आहे. पण नवं करायचं नाही, हे कुमुदचं म्हणणं होतं, आणि वेणू परकरात पडून आहे. आता कोणाला विचारायचं? कात्री रोज हातात घेतो आणि ठेवून देतो. भनपुरीला जाऊन पुतरी नुसती बघून यावी असं वाटतं, तेही होत नाही. नवी मातीची जोडी अजून कागदात गुंडाळलेलीच आहे.

वेणूचं लुगडं कापायचं राहिलं आहे.