विश्वासात नसलेले कुलूप

मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा तुमच्यावरही विश्वास नाही. तुम्ही भले असाल. पण भल्या माणसांसाठी कुलपे कुणी बनवत नाही.

ज्या कारागिराने मला घडवले, त्याने माझे पितळी अंग घासून लख्ख केले, जोडीला दोन किल्ल्या दिल्या आणि तरीही मला पुन्हा पुन्हा ओढून पाहिले. स्वतःच्या हातावरसुद्धा त्याचा भरवसा नव्हता. खाण तशी माती, दुसरे काय!

एका शिंप्याने मला विकत घेऊन आपल्या दुकानाला लावले. आत दोन शिलाई मशिने, इस्त्रीचे टेबल आणि भिंतीवर एक लाकडी क्रूस. एक किल्ली शिंप्याकडे, दुसरी त्याच्या धाकट्या भावाकडे. शिंपी रोज मला बाहीने पुसायचा. "कुलूप असावं तर असं," असे गिऱ्हाइके म्हणत, तेव्हा मी फुगून जात असे.

मग शिंप्याला अर्धांगवायू झाला. त्याचा उजवा हात गेला आणि किल्ली त्याच्या बायकोकडे आली; शिवणही तीच करू लागली. धाकटा इस्त्री करायचा, पण त्याचे अर्धे लक्ष दारूच्या गुत्त्याकडे.

त्या दिवसांत चर्चमधल्या बायका यायच्या, शिंप्याच्या बायकोसोबत प्रार्थना करायच्या आणि निघताना म्हणायच्या, "विश्वासात राहा हं, बाई." माझ्या मनात पाल चुकचुकली. बाजारात हा शब्द मी एकाच अर्थाने ऐकला होता: अमक्याने तमक्याला विश्वासात घेतले आणि धुऊन नेले! या बायका काय उचलतात यावर मी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवले. त्या उलट जेवणाचा डबा ठेवून गेल्या. मला वाटले, आधी चारा, मग सुरी.

चोरी झाली ती मात्र भलतीकडून. एका सकाळी बाईने मला उघडले, तर आत एकच मशीन. मला कुणी फोडले नव्हते, माझ्या पोटात किल्लीच फिरली होती. आणि किल्ल्या तर दोनच.

"कुलूपच जुनं झालंय, वहिनी. कुणीही खिळा घालून उघडेल," धाकटा खाली बघत म्हणाला.

खिळा! मित्रांनो, मला जीभ असती तर मी त्याला तिथेच सोलून काढले असते.

शेजारचा घड्याळवाला बाईला म्हणाला, "किल्ली काढून घ्या त्याच्याकडून. कुंपणच शेत खातंय."

"मला कळतंय कुणी नेलं ते," बाई म्हणाली. "पण किल्ली काढून घेतली, तर त्याला परत यायला दार कुठलं उरेल?"

"आणि दुसरं मशीनही गेलं तर? खाल काय? भीती वाटत नाही?"

"वाटते ना. रोज गल्लीच्या तोंडाशी आले की वाटतं, आज दार उघडं दिसणार. म्हणून तिथून दारापर्यंत प्रार्थना करतच येते."

ती प्रार्थना मी ऐकली आहे. गोड बिड काही नसे तिच्यात. "बापा, मला त्याचा फार राग येतोय. तूच आवर मला," असे पुटपुटत ती मला उघडायची. कधी कधी तिचे डोळे वाहत असत आणि किल्ली माझ्या भोकात नीट जात नसे. मला तिची कीव यायची. भोळी बाई, बुडणार, असे मी धरूनच चालले होते.

एका पहाटे धाकटा आला. सोबत हातगाडीवाला. त्याने मला उघडले आणि कडीला लटकते ठेवले. मी मनात म्हणाले, घ्या, संपला बाईचा विश्वास!

तो एकटाच आत गेला. आत काय झाले ते मला माहीत नाही, कारण कुलूप दाराबाहेर असते. बाहेर ताटकळलेला हातगाडीवाला ओरडला, "अहो, उचलायचं का नाही?" धाकटा बाहेर आला, त्याने गाडीवाल्याला शिव्या देऊन हाकलून दिले आणि तो पायरीवर बसून राहिला.

बाई आली. दार उघडे, पायरीवर दीर. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने आत डोकावले. मशीन जागेवर होते.

धाकट्याने किल्ली पुढे केली. "घ्या वहिनी. पहिलं मीच विकलं. आज हे न्यायला आलो होतो. आता माझाच माझ्यावर विश्वास नाही."

बाई पदराने तोंड दाबून रडली. मग तिने त्याची मूठ किल्लीवर मिटवली.

"नसू दे, भावजी. तुमचा येईपर्यंत माझा वापरा."

विकलेले मशीन काही परत आले नाही. धाकटा सुधारला का, असे तुम्ही विचाराल. आजवर तरी तो रोज येतो, इस्त्री तापवतो. मी रोज त्याच्याकडे संशयाने बघते. बाई त्याला चहा देते.

मित्रांनो, आता मी गंजले आहे, बाहीने पुसणाऱ्याचा हात उठत नाही. म्हणून एक विनंती. तुमच्या दाराच्या कुलपाला अधूनमधून तेल घाला, त्याला उन्हापावसात विसरू नका. पण किल्ली कुणाच्या हाती द्यावी, हे मात्र कुलपाला कधी विचारू नका.