फोन न आलेला शिंपी

सिगारेट सोडू पाहणाऱ्या दोनशे माणसांवर दवाखान्यात प्रयोग चालला होता. निम्म्यांना समुपदेशकाचा दर आठवड्याला फोन, निम्म्यांना नुसतं माहितीपत्रक. कोणाला काय, हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवायची, म्हणजे हट्टी आणि होतकरू दोन्हीकडे सारखे वाटले जातील. पाकिटं ओळीने द्यायचं काम सिस्टरांकडे होतं.

एक मास्तर आला. घरी तान्हं बाळ, सुटायची तळमळ. सिस्टरांनी पाकीट खिडकीच्या उजेडात धरलं, आत पत्रक. त्यांना राहवलं नाही. पुढचं, फोनचं पाकीट त्यांनी त्याच्या हातात ठेवलं.

पाठोपाठ शिंपी आला, खोकत, हसत. "सिस्टर, बायको आणि सिगारेट एकाच वर्षी घरात आल्या. एकीला सोडलं तर दुसरी घाबरेल!"

याच्याच्याने काय होणार, असं म्हणत सिस्टरांनी मास्तराचं पत्रक त्याला दिलं. मग हात सरावला. तळमळणाऱ्यांना फोन, थट्टेखोरांना पत्रक.

सहा महिन्यांनी फोनवाल्यांचे आकडे पाहून प्रयोग चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई हरखल्या. आकडेतज्ज्ञ मात्र पहिल्याच पानावर अडला. "दोन्ही बाजू सुरुवातीपासूनच सारख्या नाहीत. इकडे बहुतेक आधीही सोडून पाहिलेले, तिकडे एकदाही प्रयत्न न केलेले. नुसत्या चिठ्ठीने इतका फरक पडत नाही."

सिस्टर पुढे आल्या. त्यांनी सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. "फोनने सुटते की ती माणसंच सोडणारी होती, हे आता कोणाला कळणार?" एवढंच म्हणाल्या. तयारीपासूनची दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली. फोनही बंद झाले.

शेवटच्या तपासणीला शिंपी आला. खोकला वाढला होता.

"शेजाऱ्याला फोन यायचे म्हणे. मी पण वाट बघितली हो."

"तुमचं पाकीट मी दुसऱ्याला दिलं," सिस्टर म्हणाल्या. "वाटलं, तुम्ही काही सोडणार नाही."

तो पहिल्यांदाच हसला नाही. "थट्टा भीतीपोटी करत होतो, बाई. एकदा विचारायचं तरी."

त्यानंतर दर सोमवारी सिस्टर स्वतः त्याला फोन लावू लागल्या. दोनदा नुसताच वाजला. तिसऱ्यांदा बायकोने उचलला.

"ते म्हणतात, आता राहू द्या," ती म्हणाली. तिच्या मागे खोकल्याचा आवाज येत होता.