गाऱ्हाणेकरीण

हितेंद्रला त्याची टोळी हेडमास्तर म्हणायची, ते काही लाडानं नव्हे. दर रविवारी लालबागच्या चाळीत, मनवाच्या घरी, त्यांचा खेळ मांडला जायचा. एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी एकेक पात्र होऊन तिच्यात शिरायचं, आणि पुढे काय होणार ते फाशांवर सोडायचं. गोष्ट चालवायचा हितेंद्र. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा उभा करून त्याच्याआड बसायचा, आणि नियमाला असा चिकटायचा की प्रत्यक्ष देव आला असता तरी सूट मिळाली नसती.

पात्राच्या पेशाला या खेळात क्लास म्हणतात. योद्धा, चोर, पुजारी, सगळे पुस्तकात छापलेले. मनवाला छापलेलं कधी पटलंच नाही. तिनं पुजाऱ्यात फेरफार करून आपला घरचा क्लास बनवला, गाऱ्हाणेकरीण. गावी, मालवणकडे, देवासमोर गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागायचं, ते पुरुषांनी, बायकांनी मागे हात जोडून उभं राहायचं, हे तिच्या डोक्यात लहानपणापासून सलत होतं. "तिथे नाही ना घालू देत? मग इथे घालते," म्हणाली. तिची गाऱ्हाणेकरीण गाऱ्हाणं घालायची, बाकीचे "व्हय महाराजा" म्हणून साथ द्यायचे, की मेलेला सोबती परत यायचा.

परत म्हणजे कसा, चांगला ठणठणीत होऊन! मग मरणाला भितंय कोण? धम्मपालचा योद्धा तर मुद्दाम राक्षसाच्या तोंडात उडी घ्यायला लागला. खेळाचा पार विचका झाला. हितेंद्रनं तो क्लास बॅलन्स करायला घेतला, म्हणजे त्याची ताकद कापायला, आणि दोघांची जी जुंपली! शेजारचे डोकावून गेले. शेवटी ठरलं ते असं, की मेलेला येईल, पण गाऱ्हाणं संपेपर्यंतच. आणि बोलणार नाही, फक्त ऐकेल. मनवा गाल फुगवून बसली. मग म्हणाली, "ठीकाय रे हेडमास्तर. ऐकू तरी दे बिचाऱ्याला. उत्तर बाकीचे देतील."

पावसाळ्यात डेंग्यू झाला आणि मनवा गेली. हसतीखेळती पोरगी, बघता बघता होत्याचं नव्हतं झालं. खेळ बंद पडला. टोळीतली अक्षदा तर त्या चाळीवरून जायचंच टाळायला लागली.

दिवाळीनंतर शेवंतीकाकूंचा, म्हणजे मनवाच्या आईचा, फोन आला. "रविवारी येवा सगळे. मनवाच्या जागेवर मी बसतंय." नाही कोण म्हणणार?

काकूंनी कांदाभजी तळली होती. फासे मनवाच्याच स्टीलच्या वाटीत होते. काकू लेकीच्या जागी मांडी घालून बसल्या आणि गोष्ट धड सुरूही झाली नव्हती, तोच म्हणाल्या, "माका मेलेल्याक बोलवूचा आसा."

"काकू, आपल्यातलं अजून कोणी मेलं नाहीये," धम्मपाल बोलून गेला आणि जीभ चावली.

"मेललो सोबती होयो ना? मनवा तुमची सोबतीच होती मा?" काकूंनी पदर सारखा केला. "त्या दिवशी हॉस्पिटलात मी चाय पिऊक खाली गेलंय. वर येतंय तर ती गेलली. तिणा माका हाक मारल्यान काय रे? तेवढाच इचारूचा आसा."

गोष्टीत मनवाच्या वतीनं बोलायचं तर ते हितेंद्रनंच. अक्षदा त्याच्याकडे बघत होती, डोळ्यांनी सांगत होती, सांगून टाक ना रे. हाक नाही मारली काकू, झोपेत गेली. एक वाक्य! एका वाक्यानं त्याचं काय जात होतं? नियम गेला खड्ड्यात. त्यानं तोंड उघडलं.

"तू बोला नको," काकू म्हणाल्या. "तुका काय ठावक? तू थंय होतंस? नियम काय आसा तो सांग."

त्यानं सांगितला. येईल, गाऱ्हाणं संपेपर्यंत थांबेल, ऐकेल, बोलणार नाही. सांगताना त्याला स्वतःचाच इतका राग आला की पुठ्ठ्याची कड मुठीत चुरगळली.

"मनवान मानलेलो?"

"हो. भांडून भांडून मानला."

"मग तोच ऱ्हवांदे," काकू म्हणाल्या आणि हात जोडले. जन्मात पहिल्यांदाच गाऱ्हाणं घालत होत्या.

"बा मनवा! आज तुजी आवस तुका हाक मारता. त्या दिसा तू हाक मारलंस काय नाय, माका ठावक नाय."

"व्हय महाराजा," धम्मपाल आणि अक्षदा म्हणाले.

"मारलं आसशीत, तर माका ती ऐकाक इली नाय. ता पोटात घाल गो बाय."

"व्हय महाराजा." अक्षदाचा आवाज चिरकला.

"आणि आता खंय आसशीत थंय पोटभर जेव. माजी वाट बघीत उपाशी ऱ्हव नको."

धम्मपाल गुडघ्यात तोंड घालून रडत होता. अक्षदाच्या तोंडून शब्द निघेना. गोष्ट चालवणाऱ्यानं साथ द्यायची नाही, हासुद्धा नियमच होता, आणि तोही हितेंद्रनंच केलेला. त्यानं पुठ्ठा आडवा केला.

"व्हय महाराजा," तो म्हणाला.

काकू दाराकडे बघत बसल्या होत्या. गाऱ्हाणं संपलं होतं. पुढचं सांगायचं काम हितेंद्रचंच होतं, पण तो गप्प राहिला, जितका वेळ राहता आलं तितका.

"गेली काय रे?" काकूंनी विचारलं.

"गेली, काकू."